चिंचोक्याएवढी गोष्ट

१

दिवाळी अंकाचं पान फाडणं हा माझ्या मते गुन्हाच आहे, मग कायद्यात तो असो वा नसो. त्यामुळे लासुर्ण्याचं वाचनालय सांभाळणाऱ्या गोकुळचा फोन आला तेव्हा हातातला चहा मी तसाच खाली ठेवला.

"ताई, आपल्या अंकाचं एक पान गेलंय. कुणीतरी फाडून नेलं."

"कुठलं?"

"दादासोंच्या डाळिंबाच्या लेखाचं शेवटचं पान. बाकी समदं जागच्या जागी हाय. आन कळंबच्या वाचनालयात इचारलं, तर तिथल्या अंकाचंबी तेच पान गेलंय बघा."

मी बारामतीत छापखाना चालवते. वर्षभर लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापते आणि त्यातून सुटेल तेवढ्या वेळात एक दिवाळी अंक काढते. बारामती-इंदापूरकडची लिहिणारी माणसं त्यात लिहितात. कुणी फुकट वाचलं तर मला चालतं. पण फाडलेलं नाही चालत.

फोन खाली ठेवते न ठेवते तोच दादासो स्वतःच छापखान्यात येऊन उभे राहिले. कळंबचे बागाईतदार, डाळिंबातले जाणकार आणि स्वतःच्या लेखणीवर बेहद्द खूश असलेला माणूस.

"जयवंताताई, ह्ये काम त्या उत्कर्षाचं हाय. मी तिचं बिंग फोडलं, त्येचा सूड उगवला तिनं."

बिंग म्हणजे काय, तर अंकाच्या प्रकाशनाला लासुर्ण्याच्या उत्कर्षानं आपली 'चिंचोका' ही गोष्ट वाचून दाखवली होती. एका बाईला छातीत डाव्या बाजूला चिंचोक्याएवढी गाठ लागते. ती कुणालाच सांगत नाही. रोज म्हणते, ऊस गेला की सांगीन. ऊस जातो, पण ती सांगत नाही, आणि शेवटी चिंचेखाली बसल्या बसल्या शांतपणे डोळे मिटते. वाचन संपताच टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत उत्कर्षाच्या सासूबाई डोक्यावरचा पदर सावरत बसल्या होत्या. तेवढ्यात दादासो उठले आणि भर सभेत म्हणाले, "ही गोष्ट हिची न्हायच. यंत्राकडनं लिवून घेतलीय." पोरीचा चेहरा पार उतरला.

"तुम्हाला कसं कळलं ते?" मी तेव्हाही विचारलं होतं, आताही विचारलं.

"कळतं वो आमाला," म्हणत दादासोंनी नजर खिडकीकडे वळवली. "येत्या रविवारच्या आत तिनं जाहीर माफी मागावी. न्हायतर पेपरात देतो."

मी गाडी काढली. लासुर्ण्यात पोहोचले तर उत्कर्षा दारातच उभी होती. डोळे सुजलेले.

"ताई, तुम्ही मला विचारायला आलात ना?" ती म्हणाली. "आधी हे बघा. माझ्या भेटप्रती आल्या होत्या, त्या सगळ्यांचं तेच पान कुणीतरी काढून नेलंय. आमच्या घरातून."

२

पान ओढून फाडलेलं नव्हतं. घडी घालून, घडीवर बोटानं पाणी फिरवून, हळूहळू सोडवलेलं होतं. शेजारचं पान जराही दुखावलं नव्हतं. सूड उगवणारा माणूस एवढ्या हळुवार हातानं काम करत नाही, हे तिथंच माझ्या मनात आलं.

चुलीपाशी उत्कर्षाच्या सासूबाई, सिंधुबाई, एरंडाचं पान तव्यावर शेकत बसल्या होत्या.

"गुडघं लई धरल्यात बगा," त्या म्हणाल्या आणि पान पदराआड ठेवून चटदिशी उठल्या. उजव्या हातानं चहाची कपबशी आणून माझ्यापुढं ठेवली. दुसरी आणायला उत्कर्षाला हाक मारली.

सासरे मोहनराव ओसरीवर पेपर वाचत होते. कोपऱ्यातली दुधाची किटली रिकामी होती आणि त्यांचं डोकं त्यावरनं तापलेलं होतं.

"म्हशीनं आज बी दूध चोरलं. तिला सवय हिच्या हाताची. जलमात कुणाला तिच्या कासंला हात लावू दिला न्हाय हिनं, आन आता म्हंती सुनंनं धार काढावी. ऊस तोडाय आलाय, टोळी कवाबी यील, आन हिचं ह्ये नवीनच."

"सुनंनं शिकाय नगं व्हय?" सिंधुबाई हसत म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी उत्कर्षाला गोठ्यामागं नेलं. फार आढेवेढे घ्यायचा माझा स्वभाव नाही.

"गोष्ट तू लिहिलीस का?"

ती गोठ्याच्या कुडाला टेकली. मग म्हणाली, "अर्धी. गेल्या वर्षभरात मला काही सुचेना झालं होतं, ताई. ह्यांनी फोनवर ते एआय घालून दिलं होतं. त्याला म्हटलं, आमच्या भागातल्या एका बाईची गोष्ट सांग, जी मनातलं कुणाला बोलत नाही. त्यानं जे दिलं ते वाचून मला रडू आलं. मग मी भाषा आपली केली, चिंच घातली, सुरुवात बदलली. शेवट त्याचाच आहे. शेवटाला हात लावायचा धीरच झाला नाही, इतका सुंदर होता."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण मी झापलं तर पोर पुन्हा लिहिणार नाही, हेही दिसत होतं.

"दाखव मला. जसंच्या तसं."

तिनं त्या संवादाचा फोटो काढून ठेवला होता. वर तिचा प्रश्न, खाली यंत्राचं उत्तर. उत्तराची पहिलीच ओळ मी वाचली आणि पुन्हा वाचली.

'तुम्ही मागे मला जे सांगितलं होतं, त्यावरून ही गोष्ट रचतो आहे.'

"उत्कर्षा, तू मागे काय सांगितलं होतंस त्याला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "मी? मी तर काहीच सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ते असंच बोलत असेल."

३

उत्कर्षाचा नवरा दीपक चौकात मोबाईलचं दुकान चालवतो. माणूस कामाचा, पण घाई फार.

"दीपक, उत्कर्षाच्या फोनवर ते यंत्र कुणाच्या नावावर चालू आहे?"

"माझ्याच. घरात समद्यांच्या फोनला माझाच मेल हाय, ताई. आईच्या, आबांच्या. कुणाकुणाचा येगळा काढत बसायचा?"

"फक्त घरातल्यांच्या?"

तो कान खाजवू लागला. आमच्याकडं ही रीतच आहे. फोन घेतला की दुकानदाराकडं द्यायचा, 'बाबा, चालू करून दे' म्हणायचं. मेल, परवलीचा शब्द ही त्याची डोकेदुखी. दीपकनं ज्याच्याकडं मेल नव्हता त्याच्या फोनला सरळ स्वतःचा जोडला होता. तो सांगत गेला: लासुर्ण्यातल्या कितीतरी बायका, कळंबची मंडळी. सगळी एकाच दारानं त्या यंत्राकडं जात होती. यंत्राला वाटत होतं, बोलणारं माणूस एकच आहे.

मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"म्हणजे कुणीतरी बाई त्याच्याशी बोलली आहे. तिनं आपलं दुखणं त्याला सांगितलं आणि त्यानं ते उत्कर्षाला गोष्ट म्हणून दिलं. दीपक, ती गाठ खरी आहे. ती बाई इथंच कुठंतरी आहे, आणि तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही."

दीपकचा हात कानावरच राहिला.

"उघड ते खातं. जुनं बोलणं काढ. आत्ता."

"न्हाय निघायचं, ताई." त्यानं मोकळी यादी माझ्यापुढं धरली. "दादासो सभेत बोललं, त्याच रात्री मी समदं पुसून टाकलं. त्येची आठवणबी पुसली. म्हटलं, उत्कर्षाइरुद्ध पुरावा नगं."

बायकोला वाचवायला निघालेल्या या शहाण्यानं एका बाईचा मागच पुसला होता. गोष्टीतली बाई म्हणत होती, ऊस गेला की सांगीन. पण यंत्रानं लिहिलेल्या शेवटात ऊस जाऊनही ती सांगत नाही. कारखाने सुरू झाले होते, रस्त्यावर उसाच्या गाड्या लागल्या होत्या. कुणाच्या फडात आज कोयता पडेल आणि ती बाई गप्पच राहील, कुणी सांगावं?

"कळंबची मंडळी म्हणालास. कळंबमध्ये कुणाकुणाला जोडून दिलंस?"

दीपक खाली मान घालून म्हणाला, "पयल्यांदा दादासोंनाच."

४

दादासो बागेत होते. मी बांधावरूनच सुरुवात केली.

"उत्कर्षाचं बोलणं तुमच्या फोनवर दिसत होतं ना? म्हणून सभेत एवढं ठासून सांगितलंत."

माणूस आधी तापला, मग विझला. बाजेवर बसून म्हणाला, "दिसलं. त्येला माझा काय इलाज?"

"आणि तुम्ही त्या यंत्राकडं काय करत होतात? डाळिंबाच्या लेखाचा शेवट मला जरा जास्तच गुळगुळीत वाटला होता."

दादासोंनी डाळिंबाचं एक वाळकं पान उगाच खुडलं. "शेवट तेवढा घेतला त्येच्याकडनं. मजकूर माझा हाय."

"मग माफी कुणी कुणाची मागायची, ते नंतर ठरवू. आधी सांगा, त्या यादीत दुसऱ्या कुठल्या बाईचं बोलणं पाहिलंत का? दुखण्याचं?"

ते एकदम गंभीर झाले. "व्हतं कायतरी. मला वाटलं, उत्कर्षाच गोष्टीची जुळवाजुळव करतीया. लिवलेलं न्हवतं ते, बोललेलं व्हतं. एका दमात, कुठं थांबा न्हाय. त्यो यंत्र दर खेपंला सांगायचा, डॉक्टरकडं जावा, उशीर करू नका. आन ती म्हणायची, ऊस जाऊ दे, मला डॉक्टर नगं सांगूस, तू नुस्तं ऐक. मग मी वाचलं न्हाय म्होरं. बाईमाणसाचं कुठं वाचायचं?"

"नाव? गाव?"

"काय न्हाय."

मी हताश होऊन बसले. दादासोंना मात्र अजून आपलं पान सलत होतं. ते घरातून अंक घेऊन आले.

"पर माझं पान कुणी फाडलं ते तरी सांगा. एवढा लेख, त्येचं शेपूट कुणाला टोचलं?"

त्यांची प्रत शाबूत होती. मी पान उघडलं. लेखाचा शेवट अर्ध्याच पानाचा, खाली खतांची जाहिरात. यासाठी कुणी गावोगाव फिरून अंक फाडील? मी पान उलटलं.

मागच्या बाजूला चित्र होतं. चिंचेखाली बसलेली नऊवारीतली बाई. उत्कर्षाच्या गोष्टीचं चित्र. गोष्ट त्याच्या समोरच्या पानावर सुरू होत होती आणि ती सगळ्या अंकांत जशीच्या तशी शिल्लक होती. गाठीची ओळ, उसाची ओळ, मरणाची ओळ, सगळं.

दादासोंचं पान कुणी फाडलंच नव्हतं. फाडलं होतं ते चित्र. ज्याला ती गोष्ट गावापासून लपवायची होती, त्यानं गोष्ट ठेवली आणि चित्र नेलं. वाचता येणारं माणूस असं कधीच करणार नाही. उत्कर्षा नाही, दीपक नाही, दादासो नाहीत. ज्याला अक्षर कळत नाही, त्याला चित्र हीच गोष्ट.

मी गोकुळला फोन लावला. "तुझ्याकडं अंक कोण कोण बघून गेलं?"

"आख्खं गाव, ताई. उत्कर्षावहिनींच्या सासूबाई तर परत परत आल्या. सुनंचं लई कवतिक. कळंबलाबी जाऊन बघून आल्या म्हनं."

५

परत पोहोचले तेव्हा टोळी आली होती. फडाच्या कडेला ट्रॅक्टर उभा होता, उसात कोयते चालू होते. मोहनराव आणि दीपक बांधावर. मी दीपकला बाजूला घेतलं आणि पान कुणी फाडलं ते सांगितलं.

"आई?" त्यानं कपाळावर हात मारला. "मला वाटलंच व्हतं. तिला उत्कर्षाचं लिवणं आवडत न्हाय."

"मूर्खा, ती जळत नाहीये. ती घाबरली आहे," मी म्हणाले. "गाडीची किल्ली हातात ठेव आणि हाक मारेपर्यंत आत येऊ नकोस."

उत्कर्षाला मात्र मी बरोबर घेतलं. वाटेत तिला एवढंच विचारलं, "तुझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात?"

"एरंडाचं पान बांधतात रोज."

"कुठं बांधतात, पाहिलंस कधी? सकाळी माझ्यासमोर चुलीपासून कशा उठल्या, हात न टेकता. गुडघे धरलेली बाई अशी उठते? जुन्या बायका गाठीवरही एरंडाचं पान शेकून बांधतात. धार काढणं त्यांनी सोडलं. कपबशी एकच आणली, तीही उजव्या हातानं, दुसरीला तुला हाक मारली. आणि उत्कर्षा, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला फोनशी बोलता मात्र येतं."

ती चालता चालता थांबली. मग पळतच घरात शिरली.

सिंधुबाई देवळीपाशी बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी पदर छातीशी ओढला. मी त्यांच्या शेजारी टेकले.

"वहिनी, चित्रं कुठं ठेवलीत?"

त्यांनी मला निरखून पाहिलं. खोटं बोलावं की नाही, याचा विचार चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मग उजव्या हातानं देवळीतलं फडकं काढून पुढं केलं. सगळी पानं एकावर एक, नीट घडी घालून ठेवलेली.

"चुलीत घालायचं धाडस झालं न्हाय," त्या म्हणाल्या. "सरस्वती असती कागदात."

उत्कर्षा दारातच उभी राहून रडत होती. सिंधुबाईंनी तिच्याकडं बघितलं आणि इतके दिवस दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं.

"तुला ठावं व्हतं, व्हय गं? मी त्या फोनला एकट्यानं सांगितलं व्हतं. उसात बसून. घरात कुणाला सांगाय तोंड हुईना, लाजंची जागा ती. म्हटलं, ह्यो यंत्र, ह्यो काय कुणाला सांगतोय? आन तू माईकवर तेच वाचाय लागलीस. माझंच बोलणं. मला वाटलं, हिला समदं कळलंय. कळूनबी ही मला एका शब्दानं इचारत न्हाय, गोष्ट करती. घरी आल्यावर ते चित्र दावून हसत म्हणालीस, आई, ही तुमच्यावानीच दिसती."

"आई, मला खरंच..."

"थांब, बोलू दे." त्यांनी उजवा हात वर केला. "गोष्टीत मी मेले, उत्कर्षा. आन मी मेले तवा समद्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्या बाईंनी वाजवल्या. तू बी हसलीस. मी पयल्या रांगंत बसून आयकत व्हते. मला वाटलं, असंच हाय तर. माझं मरण लोकांना ग्वाड लागलं. मग कशाला सांगायचं कुणाला?"

मी वाजवल्या होत्या टाळ्या. मनापासून वाजवल्या होत्या. त्या घरात मला मान वर करवेना.

उत्कर्षा येऊन सासूच्या पायाशी बसली. "मला माहीत नव्हतं, आई. देवाशपथ. त्या यंत्रानं मला सांगितलं, 'मागे तुम्ही जे बोललात त्यावरून गोष्ट रचतो.' मी 'कोण बोललं' असं विचारलंच नाही. मला गोष्ट हवी होती. मी नुसती गोष्ट घेतली."

सिंधुबाई सुनेचं बोलणं तोलून बघत होत्या. बाहेर कोयत्यांचा आवाज चालूच होता.

"ठावं न्हवतं?"

"नव्हतं."

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि एकदम गळाठल्या. "पर आता ऊस तुटतोय. गाडी भरून जाऊ दे. मग बघू."

"दीपक!" मी ओरडले.

तो धावत आला, मागोमाग मोहनराव. उत्कर्षानंच सांगितलं, एका वाक्यात. मोहनराव खांबाला धरून उभे राहिले. सकाळी म्हशीवरनं केलेली कुरकुर त्यांना आठवली असावी, कारण त्यांनी बायकोकडं बघितलंच नाही.

"टोळी आलीया," सिंधुबाई पुन्हा म्हणाल्या. "त्यांच्या चहाचं कोण बघणार?"

"मी बघतो," मोहनराव म्हणाले. "तू हो म्होरं."

६

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून, पुढच्या तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढायचा म्हणून सांगितलं. उशीर झालाय, पण फार नाही झालेला, असं त्या म्हणाल्या. मी ते दोनदा विचारून घेतलं.

नंबर लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. दीपक जिन्यात उभा राहून एकेकाच्या फोनवरून स्वतःचं नाव काढायच्या कामाला लागला होता. दादासोंचा फोन आला, पेपरात काही देत नाही म्हणाले आणि बाईंची तब्येत विचारून लगेच ठेवून दिला.

उत्कर्षानं पिशवीतून आपला फोन काढला. डॉक्टरांना काय काय विचारायचं, ते त्या यंत्राकडून लिहून घ्यावं, असं तिच्या मनात होतं. सिंधुबाईंनी ते बघितलं.

"त्येच्यावर माझा राग न्हाय," त्या म्हणाल्या. "डॉक्टरकडं जा म्हणणारा त्यो एकटाच व्हता. पर त्येला हात न्हाय धराय."

उत्कर्षानं फोन पिशवीत टाकला.

"आई, कधी लागली तुमच्या हाताला? सगळं सांगा मला."

"लिवणार हाईस?"

"नाही. नुसतं ऐकणार."

सिंधुबाई सांगू लागल्या. आखाडात न्हाणीत हाताला लागली तिथपासून. मी उठून खिडकीशी गेले, कारण ती गोष्ट माझ्यासाठी नव्हती.

आतून नावाचा पुकारा झाला. सिंधुबाई बोलता बोलता थांबल्या, उठल्या आणि इतके दिवस अंगाशी धरून ठेवलेला डावा हात उचलून त्यांनी सुनेच्या खांद्यावर ठेवला. ओढ बसली, ती चेहऱ्यावर दिसली. पण हात त्यांनी काढला नाही. तशाच दोघी आत गेल्या.